आयआयएम मुंबईच्या सप्लाय चेन एमबीएसाठी अर्ज: राज्याचा दाखला इथे चालत नाही

पवईची निटी ही संस्था 2023 मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथल्या 'ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन मॅनेजमेंट' या एमबीएसाठी कॅट ही आयआयएमची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा नोव्हेंबरअखेर. फॉर्ममध्ये संस्थेबरोबर अभ्यासक्रमही निवडायचा असतो, कारण इथे एकाहून जास्त एमबीए आहेत. फोटो, सही, शुल्क यात फारसं कुणी अडकत नाही.

अडकतात ते जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यात. ही केंद्राची संस्था आहे. सेतूमधून मिळालेलं राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर (ओबीसींमधल्या प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलंच लागतं आणि जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. फॉर्ममध्ये भटके-विमुक्त असा रकाना नसतो. धनगर, वंजारी हे समाज केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत, म्हणून त्यांनी तोच प्रवर्ग निवडायचा. घाईत 'खुला' निवडलात, तर नोंदणीनंतर प्रवर्ग बदलून मिळत नाही.

एसईबीसी हे मराठा समाजाचं आरक्षण राज्याच्या 2024 च्या कायद्याचं. केंद्रात तो प्रवर्गच नाही. कुणबी दाखला असेल तर ओबीसी. नसेल तर मराठा विद्यार्थ्याने अटी बसत असल्यास केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला काढावा. तहसील कार्यालयात 'तुम्ही एसईबीसी, तुम्हाला ईडब्ल्यूएस नाही' असं सांगून परत पाठवलं, तर केंद्राचा छापील नमुना पुढे ठेवा आणि अर्जाची पोच मागा. नियम माहीत नसलेल्या टेबलापायी पोरांचं वर्ष जाऊ नये.

ओबीसी आणि ईडब्ल्यूएस, दोन्हीकडे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाखांची, पण हिशेब वेगळा. ओबीसीसाठी आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. इतर उत्पन्न सलग तीन वर्षं मर्यादेवर असेल तर क्रीमी लेयर. त्यामुळे वडील बारा लाख पगाराचे लिपिक आहेत, एवढ्यावरून दाखला नाकारता येत नाही. मात्र आई किंवा वडील सरकारी नोकरीत थेट गट 'अ' मध्ये भरती झालेले असतील तर मिळत नाही. ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा सगळं धरतात, तेही अर्जाच्या आधीच्या आर्थिक वर्षाचं. शिवाय पाच एकर किंवा जास्त शेती अथवा हजार चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला मिळत नाही.

आता तारीख. अर्ज सप्टेंबरात आणि प्रवेश पुढच्या उन्हाळ्यात. मध्ये 31 मार्च येतो. प्रवेशाच्या वेळी नव्या आर्थिक वर्षाचा दाखला मागितला जाऊ शकतो. मुलाखतीच्या पत्रातली दाखल्याची तारीख नीट वाचा आणि एप्रिल उजाडताच अर्ज टाका. मे-जूनमध्ये सेतूत दहावी-बारावीवाल्यांची झुंबड असते.

पदवीला किमान 50 टक्के, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना 45; ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला यात सूट नाही. ही कॅटची अट झाली, अभ्यासक्रमाची स्वतःची पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वेगळी पाहा. सीजीपीएचे टक्के विद्यापीठाच्या सूत्राने काढा. थेट भागाकार फक्त विद्यापीठाचं सूत्रच नसेल तेव्हा, आणि तसं विद्यापीठाचं पत्र हवं. परीक्षा विभागात या पत्राला वेळ लागतो, तेव्हा निकालाची वाट न बघता आत्ताच अर्ज द्या.