काँक्रीट कंत्राटदारांचा दायित्व विमा

काँक्रीटची कामे घेणाऱ्या व्यवसायाच्या कामामुळे त्रयस्थ व्यक्तीला इजा झाली किंवा तिच्या मालमत्तेची हानी झाली, तर कायद्याने द्यावी लागणारी भरपाई आणि दावा लढविण्याचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी ज्या करारान्वये उचलते, तो हा विमा. काम पुरे करून देण्याची हमी (बाँड) ही याहून निराळी असते, कारण हमीदार मालकाला दिलेली रक्कम पुढे कंत्राटदाराकडूनच वसूल करू शकतो.

या व्यवसायातील जोखीम मुख्यतः काँक्रीटच्या गुणधर्मांतून येते. साध्या काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलोग्रॅम असते, आणि ते घट्ट होईपर्यंत सगळा भार शटरिंग व टेकूंवर असतो. ओल्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ इतका असल्याने ते त्वचेवर राहिले तर खोलवर भाजते. पंपाच्या नळीत कोंडलेली हवा अचानक सुटली की नळीचे टोक जोराने फटकारते, आणि पंपाचे आधारपाय भुसभुशीत जमिनीत खचले तर यंत्र बूमसह (नळी उचलून धरणाऱ्या लांब हातासह) शेजारच्या इमारतीवर कलंडू शकते. कोअर कटिंग करताना, म्हणजे तयार काँक्रीटमध्ये गोल भोक पाडताना, स्लॅबमधील वीजवाहिनी किंवा ताण दिलेली केबल तुटणे, शेजारच्या गाड्यांवर शिंतोडे उडणे हेही दाव्यांचे नेहमीचे विषय आहेत.

काही दोष मात्र काम सोपवून दिल्यानंतर उघड होतात. काँक्रीटची प्रमाण ताकद २८ दिवसांनी तपासली जाते. चुकलेला उतार किंवा खचलेला भराव कळायला कित्येकदा वर्षे लागतात. म्हणून ‘पूर्ण झालेल्या कामांचे’ संरक्षण पॉलिसीत आहे की नाही, हे हप्त्याच्या रकमेपेक्षा आधी पाहावे. घटनाधारित पॉलिसीत हानी कोणत्या काळात झाली ते पाहिले जाते, तर दावाधारित पॉलिसीत दावा कधी दाखल झाला ते. दुसऱ्या प्रकारात पॉलिसी बंद पडताच जुन्या कामांवरचे छत्रही सहसा जाते.

सर्वाधिक वाद होतो तो कंत्राटदाराच्या स्वतःच्या कामाबाबत. वाहनतळाच्या कोब्याचा उतार चुकला आणि पावसाचे पाणी लगतच्या गोदामात शिरून माल भिजला, तर मालाची भरपाई सर्वसाधारणपणे विम्यातून मिळते. कोबा उखडून पुन्हा घालण्याचा खर्च मिळत नाही. सदोष कामाचा भुर्दंड विमा कंपनीवर टाकता येऊ नये, हा यामागचा हेतू आहे. संरचनेच्या आराखड्यातील चूक व्यावसायिक दायित्वात, तर ट्रान्झिट मिक्सरचा रस्त्यावरील अपघात वाहन विम्यात मोडतो. यंत्रे धुतलेले अल्कधर्मी पाणी ओढ्यात गेले तर प्रदूषण वगळणारे कलम आड येते; कापकामातील सिलिकाची धूळही अनेक पॉलिसींत स्पष्टपणे वगळलेली असते.

स्वतःच्या कामगारांच्या इजाही यात धरल्या जात नाहीत. २७ एप्रिल १९७८ रोजी अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील विलो आयलंड येथे शीतन मनोऱ्याचे काम चालू असताना, आदल्या दिवशी ओतलेल्या आणि पुरेशी ताकद न आलेल्या काँक्रीटच्या आधारावरील परांची कोसळून ५१ कामगार मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेत मृत कामगारांची नुकसानभरपाई हा कामगार भरपाई विम्याचा विषय होतो. दायित्व विम्याच्या भरवशावर कामगार भरपाई विम्याविना साइट चालविणे धोक्याचे.

हप्ता उलाढाल किंवा वेतनखर्च आणि कामाचा प्रकार यांवरून ठरतो. जमिनीलगतच्या कोब्यापेक्षा उंचावरील स्लॅबच्या कामाचा दर सहसा जास्त असतो. भरपाईची मर्यादा दर घटनेला आणि वर्षाला अशी दुहेरी असते, आणि सुरुवातीची ठरावीक रक्कम कंत्राटदार स्वतः सोसतो. मुख्य कंत्राटदार अनेकदा काँक्रीट कंत्राटदाराच्या पॉलिसीत आपले नाव ‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणून, म्हणजे त्याच पॉलिसीचे संरक्षण आपल्यालाही मिळावे म्हणून, घालायला लावतो. परंतु नुसते विमा प्रमाणपत्र हाती आले म्हणजे ती नोंद पॉलिसीत झालीच असे नाही. वर्षअखेरीस कंपनी हिशेब तपासते, तेव्हा विमा नसलेल्या उपकंत्राटदाराला दिलेली रक्कम बहुधा विमाधारक व्यवसायाच्याच वेतनखर्चात धरली जाते आणि वाढीव हप्त्याचे बिल येते.