एअरिंग कबर्ड
ब्रिटनमधील घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती केलेले, कपडे उबेत ठेवण्याचे कपाट. आयर्लंडमध्ये याला ‘हॉट प्रेस’ म्हणतात.

जुन्या पद्धतीच्या कपाटात खाली तांब्याची उभी टाकी असते. बॉयलरकडून (घर व नळाचे पाणी तापवणारे यंत्र) आलेल्या नळीच्या वेटोळ्याने किंवा विजेच्या इमर्शन हीटरने तिच्यातले पाणी तापते. वर लाकडी पट्ट्यांच्या फळ्या, आणि ऊब वर चढावी म्हणून दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. टाकीला जाड जॅकेट घातले तरी थोडी उष्णता झिरपतेच. कपाट चालते ते तेवढ्यावरच. दोरीवरून काढलेल्या चादरी, इस्त्री केलेले अभ्रे रात्री इथे ठेवले की उरलासुरला सर्दपणा सकाळपर्यंत निघून जातो. पाव करणारे कणीक फुगायला इथेच ठेवतात, आणि तिथे राहणाऱ्या मराठी घरांतून इडलीचे पीठही. मात्र निथळते कपडे वाळवणे हे या कपाटाचे मूळ काम नव्हे. हा फरक विसरला की पुढच्या सगळ्या अडचणी सुरू होतात.

बॉयलर बदलताना पुष्कळ घरांनी कॉम्बी बॉयलर घेतला. नळ उघडला की तो त्या क्षणी पाणी तापवतो, त्यामुळे साठवणीची टाकी काढून टाकता येते. जागा मोकळी होते, गॅसही वाचतो, पण कपाट गार पडते. आत ठेवलेले टॉवेल सादळतात आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते.

गेलेली ऊब परत आणायला बहुधा नळीच्या आकाराचा लहान विद्युत हीटर तळाशी भिंतीला लावतात. ६० वॅटचा हीटर दिवसरात्र चालला तर साधारण दीड युनिट वीज लागते. टायमर लावल्यास बरीच कमी. त्यावर जाळीचे आवरण हवेच, कपडा त्याला टेकता कामा नये. पंख्याचा हीटर किंवा उघडा दिवा बंद कपाटात ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरा मार्ग लहान रेडिएटरचा, म्हणजे घराच्या हीटिंगचे गरम पाणी ज्यातून फिरते त्या पत्र्याच्या पॅनेलचा. तो स्वस्तात चालतो, पण उन्हाळ्यात घराचे हीटिंग बंद असले की तोही गार.

ओले कपडेच वाळवायचे असतील तर नुसती ऊब पुरत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.७ युनिट ऊर्जा लागते. म्हणजे ६० वॅटच्या हीटरची सगळी उष्णता कामी आली तरी लिटरभर पाण्याला अकरा-बारा तास हवेत, आणि मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांतही लिटर-दोन लिटर पाणी सहज उरते. ती वाफ बाहेर गेली नाही तर गार भिंतीवर पुन्हा पाणी होऊन बसते. पावसाळ्यात कोकणात दारे लावलेल्या खोलीतल्या वलणीवरच्या कपड्यांना जो कुबट वास येतो, तो याच कारणाने. म्हणून दाराला खाली-वर झरोके हवेत, नाहीतर आत हवेतली ओल शोषणारे यंत्र. आमच्या मते ओल्या कपड्यांसाठी यंत्रच बरे: तेच पाणी ते डब्यात गोळा करून देते आणि कपाटही थोडे उबदार राहते.

नवा बॉयलरच या कपाटात बसवला असेल, तर त्याच्याभोवती उत्पादकाने सांगितलेली जागा मोकळी ठेवावी लागते. तिथे चादरी कोंबू नयेत.

आता हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता खेचून घर तापवणारे यंत्र) बसवणाऱ्या घरांना गरम पाण्याची टाकी पुन्हा लागते, तेव्हा हे कपाट काही ठिकाणी परत येत आहे. पण नव्या टाक्यांना कारखान्यातच फोमचा जाड थर दिलेला असतो. त्यांच्याभोवतीची ऊब जुन्या तांब्याच्या टाकीपेक्षा पुष्कळच मंद असते.