पाणी कधी येणार ते सांगा, का आलं नाही ते विचारू नका: मराठवाड्यातल्या रेडिओचर्चांची पार्श्वभूमी

"ताई, आधी तुमच्या घरातल्या रेडिओचा आवाज बारीक करा." फोन-इन कार्यक्रम नियमित ऐकणाऱ्याला हे वाक्य पाठ असतं. फोन करणाऱ्याचा रेडिओ शेजारीच चालू असतो, त्याचाच आवाज पुन्हा फोनमध्ये शिरतो आणि कूंऽऽ असं काहीतरी सुरू होतं. आवाज बारीक झाला की पुढचं ठरलेलं. नाव, गाव, तालुका, "जेवण झालं का?", पाऊस आहे का, सोयाबीन कसंय. मग मूळ प्रश्न. तो बहुतेक वेळा पाण्याचा, विजेचा, पीकविम्याचा किंवा रस्त्याचा असतो, आणि तिथेच निवेदकाची कसरत सुरू होते. ही कसरत कुठून आली, हे सांगण्यासाठी ही नोंद.

जुना इतिहास थोडक्यात. निजामाच्या राज्यात हैदराबादबरोबर औरंगाबादलाही रेडिओ केंद्र होतं. हैदराबादच्या केंद्रावर उर्दूचा वरचष्मा होता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामांनी शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं तेही रेडिओवरूनच. संस्थानी केंद्रं १९५० पर्यंत आकाशवाणीत आली, पण औरंगाबादचं ते पहिलं केंद्र टिकलं नाही. पुण्याचं केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या रेडिओ श्रोतामंडळांचा गाजलेला प्रयोग झाला. गावातली पंधरा-वीस माणसं एकत्र बसून कार्यक्रम ऐकायची, त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला लिहून पाठवायची. हा प्रयोग पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत झाला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. म्हणजे रेडिओपुढे बसून गावाने बोलायचं, या कल्पनेचा मराठीतला पहिला मोठा धडा आपल्याला वगळून गिरवला गेला. त्यात कुणाचा दोष नव्हता, पण पुढे अशी वगळणूक सवयीची झाली, हेही खरं.

परभणीचं केंद्र साठच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि औरंगाबादला सत्तरच्या दशकात पुन्हा केंद्र झालं. १९७२ चा दुष्काळ, त्याच वर्षी परभणीत स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ, पाठोपाठ जायकवाडी, या सगळ्यामुळे इथल्या रेडिओला विषय शोधत फिरावं लागलं नाही. पण बोलणं एकतर्फी होतं. तज्ज्ञ बोलायचे, शेतकरी पोस्टकार्ड टाकायचा आणि उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागायचे. तोवर बोंडअळीने आपलं काम उरकलेलं असायचं. रेडिओ घरात ठेवायलाही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पोस्टातून परवाना काढावा लागे, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही.

खरा बदल नव्वदच्या दशकात झाला. राष्ट्रीय आणि प्रादेशिक यांच्या खाली तिसरा थर म्हणून आकाशवाणीने जिल्ह्यापुरती एफएम केंद्रं काढली. मराठवाड्यात बीड, नांदेड, उस्मानाबाद इथे ती आली. 'लोकल' हा शब्द तेव्हापासून आपल्याकडे रुळला. त्याच सुमारास गावोगाव एसटीडी बूथ उभे राहत होते. पिवळ्या बूथमध्ये घड्याळाकडे बघत रांगेत उभं राहून गेवराईच्या किंवा मुखेडच्या माणसाने केंद्राला फोन लावायचा, आणि घरच्यांनी तिकडे रेडिओला कान लावायचा. पोस्टकार्डाचं उत्तर मिनिटात मिळू लागलं. पण उत्तराबरोबर उलटप्रश्नही येऊ लागला, आणि तो थेट प्रक्षेपणात असल्याने कापता येईना.

आकाशवाणीची एक संहिता आहे. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मावर हल्ला नको, पक्षाचं नाव घेऊन प्रहार नको, आणि केंद्र किंवा राज्य सरकारवर शत्रुत्वाच्या भावनेने टीका नको. कागदावर यातलं बरंचसं रास्त वाटतं. पण स्टुडिओत पाणीपुरवठ्याचा अधिकारी बसलेला असताना कुणी म्हणालं की "साहेब, योजना झाली, बिल निघालं, पाणी कुठंय?", तर ही टीका शत्रुत्वाची की नुसती तहानेची, हे निवेदकाने दोन सेकंदांत ठरवायचं. बहुतेक निवेदक "आपला प्रश्न साहेबांनी नोंदवून घेतला आहे" म्हणून गाणं लावायचे. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. त्यातले कितीतरी जण हंगामी होते आणि कार्यक्रमामागे मानधन घेत होते.

आता वादाचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्यानंतर खासगी एफएम आलं, २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची, म्हणजे आपल्या परिसरापुरतं छोटं केंद्र चालवण्याची दारं उघडली. सामुदायिक केंद्राला १०० वॉटचा ट्रान्समीटर, साधारण दहा-बारा किलोमीटरचा टापू, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक हवेत, अशा अटी होत्या. मात्र एक गोष्ट कुणालाच मिळाली नाही. बातम्या आणि चालू घडामोडी हा आकाशवाणीचाच मक्ता राहिला.

मग बातमी म्हणजे काय? खासगी एफएमच्या २०११ च्या धोरणात याचं उत्तर उलट्या बाजूने दिलं आहे. काय बातमी धरलं जाणार नाही, याची यादीच आहे. सामने, वाहतूक, हवामान, सांस्कृतिक कार्यक्रम आणि उत्सव, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, आणि वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांविषयीच्या सूचना. यादी वाचून बरं वाटतं, कारण मराठवाड्यातला निम्मा दिवस यातच येतो. पण वीज-पाण्याच्या कलमाला एक शेपूट आहे. या सूचना स्थानिक प्रशासनाने दिलेल्या असाव्यात. म्हणजे महापालिकेने कळवलं की अमुक वसाहतीत गुरुवारी पाणी येईल, तर ती माहिती. त्या वसाहतीतल्या बाईने फोन करून सांगितलं की गुरुवार उलटून गेला, हंडे कोरडेच आहेत, तर ती काय? तिच्या बोलण्याला या यादीत जागा नाही. छत्रपती संभाजीनगरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात हे शेपूट म्हणजे तांत्रिक किरकोळ बाब नाही.

व्यवहारात लोकांनी पळवाटा काढल्या. टँकर हा विषय 'जलसाक्षरता' म्हणून मांडायचा. बंद पडलेलं आरोग्य उपकेंद्र 'आरोग्यविषयक जागृती' म्हणून घ्यायचं. भारूड नाहीतर दोन पात्रांचा फटकळ संवाद घ्यायचा आणि जे निवेदकाला बोलता येत नाही ते एखाद्या म्हातारीच्या तोंडी घालायचं. म्हातारीला कुणी नोटीस पाठवत नाही. माझ्या मते इथल्या सामुदायिक रेडिओवरचं सगळ्यात जिवंत बोलणं या पळवाटांतच सापडतं, फक्त ते संहितेच्या वाटेने आलेलं नाही.

बातम्यांवरच्या बंदीबाबत सरकारची बाजू सुरक्षेची आहे. छोट्या केंद्रांवर लक्ष ठेवणं अवघड, अफवा पसरली तर आवरायची कुणी, असा तो युक्तिवाद. बंदीविरुद्ध २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, तेव्हाही सरकारने बंदीचं समर्थनच केलं. अफवांची भीती खोटी नाही. पण अफवा आता व्हॉट्सॲपवर पसरते आणि त्याला परवाना लागत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामकानेच खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली.

त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याचा आकाशवाणी वृत्तविभाग बंद करून ती बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला होता. पुण्यात ओरड झाली आणि काही दिवसांत निर्णयाला स्थगिती मिळाली. पुणेकरांची तक्रार योग्यच होती. आपल्या गावच्या बातम्या दुसऱ्या गावाने का सांगाव्यात, असा त्यांचा प्रश्न होता. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या भूम-परंड्याचा माणूस हे ऐकून हसला असेल.

दरम्यान फोन-इनचं रूप बदललं. आकाशवाणीची केंद्रं मोबाइल ॲपवर आली, आणि दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिमेकडे जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना उसाच्या फडातून बालाघाटच्या डोंगरापलीकडचं बोलणं ऐकता येऊ लागलं. थेट फोनच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी व्हॉट्सॲपवर आवाज नोंदवून मागवतात. घरातल्या रेडिओची कूंऽऽ त्यात येत नाही. संदेश आधी ऐकून, हवा तेवढा ठेवून लावता येतो. त्यातली रामराम आणि पावसाची चौकशी सहसा शाबूत असते.