थ्रीडी प्रिंट केलेले ठिबकाचे जोड

परसबागेत किंवा गच्चीवर ठिबक बसवताना दोन नळ्या, किंवा नळ आणि नळी, एकमेकांना जोडण्यासाठी थ्रीडी प्रिंटरवर मापाबरहुकूम तयार केलेला प्लास्टिकचा भाग. टी, एल्बो, जॉइनर, एंड कॅप हे नेहमीचे जोड ठिबकाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात आणि साच्यातून काढलेले असल्याने जास्त पक्के असतात. त्यांची नक्कल छापत बसू नये. दुकानात ज्या दोन मापांची गाठ पडत नाही तिथे प्रिंटर खरा कामाला येतो.

अशा जागा पुष्कळ निघतात, कारण मापे सांगण्याच्या रीतीच निरनिराळ्या आहेत. ठिबकाची 16 मिमी लॅटरल, म्हणजे ड्रीपर बसवलेली बारीक नळी, बाहेरच्या व्यासावरून ओळखली जाते, बागेची रबरी नळी आतल्या व्यासावरून. अर्धा इंची नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात 20.96 मिमी भरतो. अर्धा इंच त्यात कुठेच सापडत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला पाण्याचा टायमर आपल्या पाऊण इंची नळाला लावून पाहिला की हा घोळ हाताला कळतो. तिथल्या बागेच्या नळाचा आटा 27 मिमीच्या आसपास, आपला 26.44 मिमी, तिथे इंचाला साडेअकरा वेढे, इथे चौदा. टायमर एखाददुसरा वेढा फिरतो, अडतो आणि गळू लागतो. एका तोंडाला हे आटे आणि दुसऱ्या तोंडाला ते, असा बोटभर जोड छापला की प्रश्न मिटतो.

नळीत घुसणाऱ्या तोंडावर उतरते कंगोरे असतात. नळी चढताना लागणारा उतार लांब आणि निमुळता, मागची कड मात्र उभी व धारदार हवी. तीच नळीला धरून ठेवते. भिंत 1.2 मिमी जाड असेल तर 16 मिमीच्या लॅटरलचा आतला व्यास 13.6 मिमी येतो. कंगोऱ्याचा माथा त्याहून मिलिमीटरभर मोठा, बुंधा किंचित लहान आणि मधले भोक 9 मिमीचे ठेवले तर जोडाची भिंत दोन मिमीच्या वर राहते. ताशी 4 लिटर पाणी ठिबकवणारे 40 ड्रीपर, म्हणजे एकूण ताशी 160 लिटर पाणी, त्या भोकातून सहज जाते. तरीही कॅटलॉगमधल्या आकड्यावर विसंबू नये. नळी काटकोनात कापून व्हर्नियर कॅलिपरने दोन दिशांनी मोजावी, कारण गुंडाळीतली नळी लंबगोल झालेली असते. प्रिंटरवर भोक बहुधा ठरवल्यापेक्षा थोडे लहान येते. म्हणून आधी 0.2 मिमीच्या फरकाने नुसती तीन तोंडे छापून नळीत घालून पाहावीत, मगच पूर्ण जोड छापावा. ओपनएससीएडीसारख्या आकार रेखाटण्याच्या मोफत संगणक प्रणालीत माप हा एक आकडा म्हणून लिहिता येतो. तो बदलला की सारा आकार त्याप्रमाणे बदलतो.

छापील जोड बहुतेक वेळा दोन थरांच्या सांध्यावर मोडतो. वितळलेले प्लास्टिक 0.2 मिमीच्या थरांनी चढत जाते आणि थर एकमेकांपासून सुटणे हेच त्याचे दुबळेपण. तोंड उभे छापले तर ते छान गोल येते, पण नळी आडवी ओढली गेली की बुंध्याशी तुटते. आडवे छापले तर मजबूत होते, पण खालची बाजू खडबडीत राहून तिथून पाणी झिरपते. टी 45 अंशांत कलती ठेवून छापणे ही त्यातली चांगली तडजोड. बाहेरच्या भिंतीचे चार-पाच वेढे द्यावेत आणि प्लास्टिक किंचित जास्त सोडावे, म्हणजे थरांमधल्या फटी बुजतात. मादी (आतून) आट्यांचा जोड नळावर टेफ्लॉन टेपचे थरावर थर चढवून आवळला तर तो थरांच्या रेषेवर उकलतो. त्यापेक्षा तळाशी रबरी वायसर बसेल अशी सपाट जागा ठेवावी.

दाबाचा हिशेब घरीही करता येतो. ठिबक साधारण 1 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबावर चालते, 13.6 मिमी तोंडावर तो दाब दीड किलोच्या आसपास ढकल देतो. दहा मजली इमारतीच्या तळमजल्यावर मात्र गच्चीतल्या टाकीचा दाब 3 किलोपर्यंत जातो आणि ढकलही तिप्पट होते. तिथे क्लॅम्प लावावाच, आणि छापील जोड कायम दाबाखालच्या बाजूला न बसवता व्हॉल्व्हच्या पुढे बसवावा.

प्रिंटरच्या प्लास्टिकांपैकी पीएलए छापायला सर्वांत सोपे, पण साठेक अंशांना ते मऊ पडते. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात काळी नळी तापते तेव्हा पीएलएचा जोड वाकडा होण्याचा धोका खरा आहे. पीईटीजी ऐंशी अंशांपर्यंत तग धरते. एएसए त्याहून जास्त सोसते आणि उन्हातही टिकते, मात्र छापायला अवघड जाते. रंग काळाच घ्यावा. पारदर्शक जोडात उजेड शिरतो आणि आत शेवाळ धरते.

एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होते. छापताना भोकात प्लास्टिकचे केसासारखे तंतू राहतात. ते सुटले की फिल्टरच्या पुढच्या बाजूला असल्यामुळे थेट ड्रीपरमध्ये जाऊन बसतात. जोड उजेडासमोर धरून आरपार पाहावा, ड्रिलचे पाते हाताने फिरवून भोक साफ करावे आणि ड्रीपर लावण्याआधी एंड कॅप काढून पाणी वाहू द्यावे. नळी चढवताना तिचे टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवावे. जोड पाण्यात घालू नये.

या कामातल्या दोन्ही विद्या तशा अलीकडच्या. इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास यांच्या संशोधनावर 1965 मध्ये नेटाफिम ही ठिबकाची कंपनी उभी राहिली. महाराष्ट्रात ठिबक रुजवण्यात जळगावच्या जैन इरिगेशनचा मोठा वाटा आहे. थर चढवून छापण्याच्या पद्धतीचे स्कॉट क्रम्प यांचे मूळ पेटंट 2009 मध्ये संपले आणि त्यानंतर घरगुती प्रिंटर स्वस्त झाले. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांवर वस्तू बनवण्याची कार्यशाळा, आहे.

छापील जोड पिण्याच्या पाण्याच्या नळावर वापरू नये. फाइलच्या नावात नळीचे मोजलेले माप आणि प्लास्टिकचा प्रकार लिहून ठेवावा. जोड तडकला की तोच पुन्हा छापता येतो.