यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलाची वर्गणी

पौलाची वर्गणी म्हणजे साधारण इ.स. ५३ ते ५७ या काळात प्रेषित पौलाने गलतिया (आजच्या तुर्कस्तानात), मासेदोनिया आणि अखया (आजच्या ग्रीसच्या भागात) या रोमन प्रांतांतल्या नव्या मंडळ्यांकडून, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या गटांकडून, यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी गोळा केलेली मदत. करिंथकरांच्या दोन्ही पत्रांत आणि रोमकरांच्या पत्रात पौल स्वतः तिच्याबद्दल लिहितो, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तर अख्खे दोन अध्याय (८ आणि ९) याच विषयावर आहेत, तरी बरेच जण हा भाग भरभर वाचून पुढे जातात, पैशाचा विषय म्हणून असेल कदाचित. पण श्रद्धेने माणसं एकत्र कशी येतात, हात सढळ कसा होतो आणि माणूस आतून नवा कसा होतो हे तिन्ही एकाच जागी बघायचं असेल तर इथेच बघावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत लोक जमिनी, घरं विकून पैसे प्रेषितांकडे आणून द्यायचे आणि ज्याला जशी गरज तसं वाटप व्हायचं. पुढे रोमन सम्राट क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडला तेव्हा सिरियातल्या अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजे पौलच) यांच्या हाती मदत पाठवली. त्या काळातला मोठा वाद वेगळाच होता, यहूदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता करायची की नाही. यरुशलेममध्ये तिथले पुढारी याकोब, पेत्र आणि योहान यांनी पौलाशी हात मिळवले, तू परराष्ट्रीयांकडे (यहूदी नसलेल्यांकडे) जा आम्ही यहुद्यांकडे जातो असं ठरलं, आणि एकच गोष्ट सांगितली की गरिबांची आठवण ठेव. पौल गलतीकरांना लिहितो की हे तर मला आधीपासूनच करायचं होतं.

आता अखयातलं शहर करिंथ. इथली मंडळी गुणी पण भांडकुदळ, कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा (हा दुसरा एक उपदेशक), कोणी केफाचा (म्हणजे पेत्राचा), आणि येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या प्रभुभोजनाला जमले की एक जण खाऊन पिऊन तर्र आणि शेजारचा उपाशी. याच लोकांना पौल पहिल्या पत्राच्या शेवटी सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कमाईच्या मानाने काहीतरी बाजूला काढून ठेवा, मी आल्यावर धावपळ नको. मला यात फार शहाणपण दिसतं, कारण रक्कम ठरवून दिलेली नाही, श्रीमंतावर सगळा भार टाकलेला नाही, दर आठवड्याला प्रत्येकाला त्या लांबच्या अनोळखी लोकांची आठवण काढावीच लागते.

पण काम रेंगाळलं. मधल्या काळात पौलाचे आणि करिंथकरांचे संबंध बिघडले होते, आणि इकडे पौलाने मासेदोनियात सांगून ठेवलेलं की अखयाचे लोक गेल्या वर्षापासून तयार आहेत! मग तो आपला सहकारी तीत याला आणि आणखी दोन भावांना पुढे पाठवतो, म्हणजे मासेदोनियाचे लोक सोबत आले आणि इथे काहीच तयार नसलं तर सगळ्यांचीच मान खाली जायला नको. त्यातला एक भाऊ मंडळ्यांनीच निवडून दिलेला होता, एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून. नव्या मंडळ्यांमधला विश्वास टिकायला हा चोख व्यवहारही तेवढाच कारण झाला असणार.

मासेदोनियाचं (फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया ही तिथली गावं) चित्र अगदी वेगळं. हे लोक स्वतः कंगाल, वर छळही चाललेला, आणि पौल लिहितो की त्यांनीच आम्हाला विनवून विनवून या सेवेत भाग मागितला आणि ऐपतीपेक्षा जास्त दिलं. कारण काय, तर त्यांनी आधी स्वतःला प्रभूला दिलं. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली या वाक्यात आहे, आतला बदल आधी झाला, पैसे नंतर सुटले, आणि एकी त्याच्या मागून आली. पौल इथे हुकूम सोडत नाही, येशू धनवान असून तुमच्यासाठी गरीब झाला एवढंच आठवून देतो, आणि रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेल्या अन्नाचा, मान्न्याचा, दाखला देतो, ज्याने जास्त गोळा केलं त्याला जास्त उरलं नाही आणि ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. म्हणजे आज तुमचं जास्तीचं त्यांच्या गरजेला, उद्या त्यांचं तुमच्या.

साधारण ५७ साली पौल यरुशलेमला निघाला तेव्हा बरोबर बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, देर्बेचा गायस, तीमथ्य, आशिया या रोमन प्रांताचे तुखिक आणि त्रफिम असे वेगवेगळ्या भागांतले लोक होते. आधीच रोमकरांना त्याने लिहिलेलं की प्रार्थना करा, ही सेवा तिथल्या लोकांना मान्य व्हावी. पैसे नाकारले गेले असते तर ते नातंच नाकारल्यासारखं झालं असतं. तिथे बंधूंनी आनंदाने स्वागत केलं, पण काही दिवसांतच मंदिरात दंगा झाला, यहूदी नसलेल्यांना मनाई असलेल्या भागात पौलाने त्रफिमाला आणलं असा आरोप झाला आणि त्याला अटक झाली. पुढची दोन वर्षं तो कैसरिया या शहरात कैदेत होता. वर्गणी कशी स्वीकारली गेली हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सांगितलेलंच नाही.

पद्धत मात्र टिकली. साधारण १५५ साली रोममध्ये हुतात्मा जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो, वाचन, उपदेश, प्रार्थना, प्रभुभोजन, आणि मग ज्याची ऐपत आहे तो आपल्या इच्छेने देतो, ते पैसे मंडळीच्या प्रमुखाकडे जमा होतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची सोय होते.