धूळपाटीपासून स्पेशालिस्ट टीचिंग असिस्टंटपर्यंत

इंग्लंडमधल्या टीचिंग असिस्टंटांसाठी, म्हणजे वर्गात शिक्षकाला मदत करणाऱ्यांसाठी, २०२४ मध्ये ‘स्पेशालिस्ट टीचिंग असिस्टंट’ ही पाचव्या पातळीची, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या तोडीची, नवी अप्रेंटिसशिप मंजूर झाली. शाळेतली नोकरी आणि पगार चालू ठेवून विशेष गरजा असलेली मुलं, मुलांचं भावनिक स्वास्थ्य किंवा एखादा अभ्यासविषय यांपैकी एकात तयार व्हायचं. अप्रेंटिसशिपला आपला जुना शब्द आहे, उमेदवारी. शिकवण्यातली उमेदवारी इंग्लंडला नवी नाही आणि तिचा एक धागा थेट मद्रासला पोचतो.

१७८९ मध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली. आपल्याकडच्या धूळपाटीसारखंच. त्यानं ही रीत उचलली. आश्रमातले मास्तर ऐकेनात, तेव्हा जॉन फ्रिस्केन या आठ वर्षांच्या मुलाकडे त्यानं मुळाक्षरांचा वर्ग सोपवला, आणि तो वर्ग चालला! बेलचं त्यावरचं पुस्तक १७९७ मध्ये लंडनला निघालं. पाठोपाठ जोसेफ लँकेस्टरनं तशीच शाळा काढली आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायची ही स्वस्त पद्धत इंग्लंडभर पसरली.

स्वस्त होती, पण घोकंपट्टीच्या पुढे जाईना. म्हणून १८४६ साली सरकारच्या शिक्षण समितीचे सचिव जेम्स के-शटलवर्थ यांनी ‘प्युपिल टीचर’ योजना आणली. तेराव्या वर्षी करार, पाच वर्षं उमेदवारी, पहिल्या वर्षी १० पौंड, पाचव्या वर्षी २०. दिवसभर वर्ग सांभाळायचा आणि हेडमास्तरांकडे रोज दीड तास शिकायचं. हा दीड तास मला फार मोलाचा वाटतो. शिकवणाऱ्यालाही कुणीतरी शिकवायला हवं, हे त्यात लेखी मान्य झालं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मागे पडली आणि शिक्षक कॉलेजात घडू लागले.

पुढे वर्गात मदतनीस आले, बहुतेक बायकाच. रंगाच्या बाटल्या धुवायच्या, लहानग्यांचे कोट चढवायचे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणावरच्या १९७८ च्या वॉर्नॉक अहवालानंतर १९८१ चा कायदा आला, विशेष गरजा असलेली मुलं नेहमीच्या शाळांत येऊ लागली आणि त्यांच्याशेजारी मदतनीस बसू लागली. १९९४ मध्ये ‘स्पेशालिस्ट टीचर असिस्टंट’ नावाचा अभ्यासक्रम निघाला, तो लहान मुलांच्या वाचन-लेखन-गणितापुरता. २००३ मध्ये शिक्षकांवरचा भार हलका करायचा करार झाला आणि भरती वाढली. २००० च्या सुमारास पूर्णवेळ हिशोबानं ७९ हजार असलेली संख्या आज २ लाख ८० हजारांच्या आसपास आहे.

प्रशिक्षण मात्र त्या वेगानं वाढलं नाही. लंडनच्या पीटर ब्लॅचफर्ड यांच्या गटानं २००९ मध्ये पूर्ण केलेल्या अभ्यासात अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली: ज्या मुलांना असिस्टंटची सोबत जास्त, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी. मुलाची पेन्सिल थांबते, शेजारून हळूच उत्तर येतं, वही भरते. यात त्या बाईंचा दोष नव्हता, हे संशोधकांनीही स्पष्ट सांगितलं. पाठ काय आहे हेच त्यांना बऱ्याचदा वर्गात आल्यावर कळत होतं आणि शिक्षकांशी बोलायला वेळच नव्हता. सर्वांत अडलेल्या मुलाजवळ सर्वांत कमी तयारी करून दिलेलं माणूस बसवायचं, ही व्यवस्थेची चूक होती.

२०१६ मध्ये असिस्टंटांच्या कामाचे निकष प्रसिद्ध झाले, तेही सरकारनं हात आखडल्यावर कर्मचारी संघटना आणि शिक्षणसंस्थांनी पुढाकार घेतला म्हणून. एप्रिल २०१७ पासून ज्या नोकरी देणाऱ्यांचा वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांहून जास्त, त्यांच्यावर अप्रेंटिसशिपचा कर बसला. तो पैसा अप्रेंटिसशिपच्या प्रशिक्षणावरच खर्चता येतो, त्यामुळे शाळांनाही त्यात रस आला. २०१८ मध्ये तिसऱ्या पातळीची टीचिंग असिस्टंट अप्रेंटिसशिप आली आणि नंतर ही पाचवी.

तिच्यातली मला सर्वांत पटलेली अट जुन्या दीड तासाची आठवण देते: शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतच धरायचा. तेवढ्या वेळात त्या असिस्टंटच्या नेहमीच्या मुलाजवळ कोण बसणार, हे प्रत्येक शाळेला स्वतः ठरवावं लागतं.