सरव्याला तिप्पट दंड: अमेरिकेतल्या मका सोलण्याच्या स्पर्धांची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मकापट्ट्यात हाताने मका काढायची तऱ्हा अशी: ताट उभंच ठेवायचं, हाताला चामड्याच्या पट्ट्याने बांधलेल्या लोखंडी आकडीने कणसावरचा पाला टरकन फाडायचा, कणीस मोडायचं आणि मान न वळवता शेजारून चालणाऱ्या घोडागाडीत भिरकवायचं. गाडीच्या पलीकडच्या अंगाला उंच फळ्या. कणीस त्यांवर थाडकन आपटून आत पडे. कसबी गड्याचं एक कणीस हवेत असतानाच दुसरं हातात आलेलं असे. कोठारात बसून गप्पा मारत सोलायची जुनी चाल, लाल कणीस सापडलं की चुंबनाचा हक्क वगैरे, ती वेगळी. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

कोण किती मका काढतो याच्या बढाया गावोगाव होत्या. १९२२ मध्ये आयोवा राज्यातल्या एका शेती साप्ताहिकाच्या तरुण संपादकाने स्पर्धा भरवून त्या मोजून घ्यायचं ठरवलं. १९२४ पासून शेजारची राज्यंही उतरली.

वेळ ८० मिनिटं. खरी मेख मोजणीत होती. बुशेल हे मुळात आकारमानाचं माप, पण इथे ७० पौंड कणसं म्हणजे एक बुशेल धरत. त्यातून कपात. शंभर पौंडांमागे पाच औंसांपर्यंत पाला माफ, त्यापुढे टक्क्यांनी वजावट. आणि सरवा, म्हणजे काढणीत मागे राहून गेलेली कणसं! गड्यामागून ती वेचणारे चालत, आणि मागे राहिलेल्या दर पौंडामागे तीन पौंड कापले जात. आपल्याकडे सरवा वेचणाऱ्याच्या पोटाला जातो. तिथे तो काढणाऱ्याच्या बोकांडी बसे. शेतावरच्या गड्याला मजुरी बुशेलवर मिळे, म्हणजे त्याचं हित भरभर गाडी भरण्यात. राहिलेलं कणीस मालकाचं नुकसान. नियम मालकाच्या नजरेतून लिहिला होता, हे माझं मत. त्यामुळे सर्वात जास्त वजन काढणारा गडी हरूही शके.

तिशीच्या दशकात याची जत्रा झाली. १९३६ मध्ये ओहायोत लाखाच्या वर माणूस लोटला. १९४० मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टला इलिनॉयच्या एका शेतकऱ्याने ४६.७१ बुशेल काढले, म्हणजे जवळपास दीड टन.

१९४१ मध्ये इलिनॉयमधल्या टोनिकाला झालेली राष्ट्रीय स्पर्धा त्या पर्वातली शेवटची. कारण म्हणून युद्धाचं नाव घेतात, पण युद्ध निमित्त होतं. मका काढायचं यंत्र तोवर शेतात शिरलं होतं, आणि ताठ उभ्या राहणाऱ्या संकरित मक्यात ते नीट चाले. गंमत अशी की त्याच संपादकाने १९२६ मध्ये संकरित बियाण्याची कंपनी काढली होती. टोनिकाच्या वर्षी तो देशाचा उपाध्यक्ष होता.

सत्तरच्या दशकात स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या. बायका, मुलं, म्हातारे यांचे वेगळे गट आले आणि ८० मिनिटांचा वेळ पुष्कळ घटला. सरवा वेचणारे मात्र अजून मागून चालतात.